कमरेपर्यंतची माणसं

बाई, तुमची चालायची ढब मी एका सिनेमात घातली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता विचारून घ्यायचा प्रश्नच नव्हता. सिनेमा कार्टूनचा. पुण्याच्या एका स्टुडिओसाठी मी इथं नाशकातच, घरी बसून काम करते. त्या सिनेमातली आजी माझ्या वाट्याला आली होती. ती अंगण ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत जाते, एवढाच प्रसंग. तिला मी तुमच्यासारखं चालवलं, डावा पाय जरा ओढत, मधेच भिंतीला हात टेकत.

शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात, पण मी शिकले ती तुमच्या स्वयंपाकघरात. रविवारी सकाळी मी वही घेऊन यायचे. कुकर लावलेला असायचा आणि तुम्ही ओट्यावर ओल्या बोटानं माणसं काढायचात. ती वाळायच्या आत मी उतरवून घ्यायचे. एकदा मी डोक्यावर हंडा घेतलेली बाई काढून आणली, फार खूश होऊन. तुम्ही चित्र लांब धरून बघता आणि म्हणता, "पाय काढलेस, पण ही उभी कुठल्या पायावर आहे?" मग भरलेली कळशी माझ्या कमरेवर देता आणि घरभर चालायला लावता, माझा परकर भिजेपर्यंत. त्याच सुट्टीत तुम्ही आम्हा मुलींना कार्टूनचा सिनेमा दाखवायला नेलंत. तेव्हा असले सिनेमे मुंबईत जुने झाल्यावर आपल्याकडे यायचे, पडद्यावर रेघा पडलेल्या असायच्या, पण एकदा आला की सकाळच्या खेळाला सुट्टी संपेपर्यंत असायचा. म्हणून तुम्ही आम्हाला पुन्हा नेलंत. दुसऱ्या वेळी गोष्ट बघायची नाही, फक्त पाय बघायचे, असं बजावलंत. मी अजून तशीच बघते.

आमचा सिनेमा मुंबईत लागला त्याच शुक्रवारी नाशकातही लागला. मी पहिल्या दिवशी एकटी जाऊन आले. तुमची आजी पडद्यावर केवढी मोठी दिसत होती. तुमच्या धाकट्या बहिणीला, मावशींना, तो तिथंच दाखवायचा असं मी ठरवलं होतं. त्या अजून पंचवटीतल्या त्याच घरात राहतात. पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी धुळीत, गर्दीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, पट्टी निघू दे, मग नेते. माझ्या डोक्यात तुमच्या वेळचा हिशोब होता, सिनेमा आला म्हणजे राहतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचा एकच खेळ उरला, तोही सकाळी, मुलं शाळेत असताना. मग मावशींना बाहेर पडायची परवानगी मिळाली, तेव्हा मी तिकिटं काढायला गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "तो उतरला मॅडम. मोबाइलवर येईल ना आता." ती काही वाईट बोलली नाही. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन गाडीवर बसून राहिले.

दिवाळीच्या आत सिनेमा मोबाइलवर आलासुद्धा. स्टुडिओच्या साहेबांनी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मोबाइलवाल्यांशी सौदा आधीच झाला होता, थिएटरात लावणं हे फक्त जाहिरातीपुरतं होतं, असं त्यांनी सांगितलं. यापुढचे सिनेमे थिएटरात जाणारच नाहीत. मग मला म्हणाले, "आता माणसं कमरेपर्यंतच घ्या. एवढ्याशा स्क्रीनवर पाय कुणाला दिसतात? चालवण्यात फार वेळ जातो." मी ठीक आहे म्हणाले. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. कॉल संपल्यावर मी भाजी निवडायला घेतली.

त्या रविवारी मी मावशींकडे गेले. फोन डब्याला टेकवून ठेवला. त्या काळा चष्मा लावून अगदी पुढे वाकून बसल्या. आजी अंगणात आली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठंय?" आणि मी बोट दाखवेपर्यंत ती टाकीशी पोचलीसुद्धा. मी सिनेमा मागे घेतला. पुन्हा दाखवला. मग त्यांनी आणखी एकदा मागे घ्यायला सांगितलं. दाखवून झाल्यावर त्या मागे टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "ताई बाहेर कधी अशी चालायची नाही. कितीही दुखलं तरी सरळ. तू घरात यायचीस, म्हणून तुला दिसलं."

हे मला माहीत नव्हतं, बाई. शाळेच्या व्हरांड्यातून तुम्ही येताना आठवून बघितलं. खरंच, सरळ येताय. पाय ओढणाऱ्या तुम्ही मला फक्त ओट्यापासून दारापर्यंतच आठवता. मी मावशींना विचारलं, बाईंना हे आवडलं नसतं का. त्या म्हणाल्या, "आता काय त्याचं," आणि चष्मा काढून डोळे पुसले. ते ऑपरेशनचं पाणी होतं की दुसरं काही, हे मी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं, चहा केला, कप धुऊन ठेवले. रामकुंडाकडून येणाऱ्या रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती, त्यातून घरी आले. वाटेत रडू येईल म्हणून वाट बघत होते. आलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. नवा सिनेमा सुरू झालाय, त्यातही एक म्हातारी मलाच दिली आहे. ती सगळा वेळ खिडकीत उभी असते. कुठल्या पायावर, ते ठरवावं लागत नाही. काम झटपट उरकतं, संध्याकाळी हात दुखत नाही, आणि खरं सांगायचं तर, बाई, मला ते बरं वाटतं.