वस्तरा आणि वर्ज्य दिवस

भाद्रपद शुद्ध दशमी

श्री वैजनाथाची कृपा असो. हे करुणाकरा, या हातून आजवर तुझ्या नावाखाली पुष्कळ लिहिले गेले. आता जे लिहायचे आहे, त्यात तुझे नाव पुढे करून मी लपू लागलो, तर शाई तिथेच वाळू दे.

विषय क्षुल्लक आहे. मला वस्तरा विकत घ्यायचा आहे.

एकेचाळीस वर्षे माझी श्मश्रू बंकटने केली. त्याआधी त्याच्या वडिलांनी. स्वतःच्या गालावर स्वतः पाते फिरवण्याचा प्रसंग शहात्तराव्या वर्षापर्यंत आला नाही. निवडणुकीनंतर गावाचे जातीवरून दोन तुकडे झाले आणि श्रावणात आमच्या बाजूची बैठक मारुतीच्या पारावर बसली. माझा मुलगा अमरसिंह सरपंच. तोच बोलला — "बंकटच्या दुकानाची पायरी आपल्या माणसानं चढायची नाही. त्यांची मतं तिकडं, तर आपली डोकी बी तिकडं न्हाईत!" लोक हसले. अध्यक्षस्थानी मी होतो. वडीलधारा, प्रवचन सांगणारा, म्हणून. मी काही बोललो नाही. माझे मौन संमती धरून बैठक उठली.

आमच्या बाजूची दीडशे घरे. ती गेली तर बंकटच्या दुकानात उरते काय? मी एक शब्द बोललो, तर बैठकीत ठरलेले मोडेल, नाहीतर घर मोडेल. दोन्हींची भीती वाटते.

श्रावणात मी श्मश्रू करीतच नाही. त्यामुळे महिना झाकला गेला. आता गालांना खाज सुटली आहे.

बायको मुक्ता म्हणाली, "अमरचं दाढीचं यंत्र हाय की घरात." नको म्हणालो. खरा वस्तराच हवा, तोही उत्तम. का हवा, हे तिने विचारले नाही. मीही स्वतःला नाही.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

माजलगावला जाऊन आलो. मोंढ्याजवळ सलूनच्या सामानाचे दुकान आहे. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. "म्हाराज, अर्ध्या ब्लेडचा घ्या. वापरा अन् फेका. खरा वस्तरा आता कोनी घेत न्हाई."

मी हटलो नाही. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला. मागच्या कपाटातून तीन वस्तरे काढले, पंचावर मांडले. तासभर मी त्याच्यासमोर शिष्यासारखा बसलो. पाते जितके पोकळ घासलेले, दोन्ही बाजूंनी आत दबलेले, तितके ते गालाशी बोलते. नखाने टिचकी मारली की बारीक नाद निघतो. मुठीत मिटताना ते कुठेही घासता कामा नये. नवशिक्याने टोक गोलच घ्यावे — "टोकदार घेतला की पयला कान जातो!" न गंजणारे पोलाद जपावे लागत नाही. पण खरी धार धरते ते दुसरे, पाण्याला भिणारे. मी दुसरे निवडले. आयुष्यभर निर्लोभतेवर बोललो. उत्तमाचा लोभ काही सुटला नाही.

"कुनासाठी?"

"भेट द्यायचा आहे." — खोटे! सहज, न अडखळता.

"तुमच्या गावच्या बंकटरावला का? मंग त्येलाच घेऊन या की. लई पारखी मानूस!"

मी पिशवीचे बंद आवळले. त्याने चामड्याचा पट्टा पुढे केला; रोज त्यावर पाते ओढल्याशिवाय वस्तरा म्हणजे नुसता चाकू, म्हणाला. माझ्या पूजेच्या खोलीत चामडे येत नाही. पट्टा घेतला नाही.

भाद्रपद वद्य प्रतिपदा

पितृपक्ष लागला. पंधरा दिवस श्मश्रू वर्ज्य. सुटलो!

भाद्रपद वद्य चतुर्थी

वर लिहिलेला तो शब्द आज वाचला. पितरांच्या दिवसांत मी कोणापासून सुटलो?

मंदिराकडे जाण्याचा रस्ता बंकटच्या दारावरूनच आहे. तो खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. आत खुर्ची रिकामी.

"रामराम काका. लई वाढली की!"

"पितृपक्ष आहे ना."

"हां, ते बी खरंच."

श्रावण संपला आणि पितृपक्ष लागला, त्या मधल्या पंधरवड्याचे त्याने विचारले नाही. माझे वर्ज्य-अवर्ज्य दिवस त्याला पंचांगापेक्षा जास्त पाठ आहेत. तरी विचारले नाही. त्याचे ते सौजन्य दिवसभर छातीवर धोंड्यासारखे बसून आहे.

भाद्रपद वद्य दशमी

नात रोहिणी सुट्टीला आली आहे. मोबाइलवर पाहून तिने मला एक युक्ती शिकवली — फुगवलेल्या फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा. फुगा टिकला तर गाल टिकेल. तीन फुटले.

"आजोबा, श्वास घ्या! फुग्याला लागत नाही, तुम्हाला लागतो."

खूप दिवसांनी हसलो. मुक्ता चुलीपासूनच म्हणाली, "एवढ्या खटाटोपात मानूस बंकटच्या दारात दहा बाऱ्या जाऊन आला असता."

हसू तिथेच विझले.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसले. नऊ दिवस वर्ज्य. या वेळी तो शब्द लिहीत नाही. शास्त्राच्या आडोशाला लपायला इतकी जागा असते, हे आयुष्यभर शास्त्र सांगूनही मला ठाऊक नव्हते.

आश्विन शुद्ध नवमी

खंडेनवमी. अंगणात कोयते, विळे, पाने-पक्कड, ट्रॅक्टरची किल्ली, सगळे मांडले. माझ्या मनात आले, हेही शस्त्रच. देवघरात पाटावर वस्तरा उघडून ठेवला. पंचामृताचे स्नान घातले. ओले कुंकू लावले, झेंडू वाहिला. हात जोडले तेव्हा क्षणभर फार शांत वाटले. मग उमगले — ज्याच्या मागे आपले भित्रेपण झाकायचे, त्याचीच मी पूजा बांधली आहे.

उद्या सीमोल्लंघन. उद्या वर्ज्य काही नाही.

आश्विन शुद्ध दशमी

सकाळी निर्माल्य उचलले. पात्यावर तांबडे ठिपके. कुंकू समजून पुसू लागलो. निघेना. नखाने खरवडले. गंज! एका दिवसात! धारेच्या कडेला दोन ठिकाणी बारीक खाचा पडल्या आहेत. पूजेने नासलेली वस्तू मी प्रथमच पाहिली.

तरीही आरशापुढे बसलो. पहिल्या ओढीत केस उपटले गेले, दुसरीत कातडी. हनुवटीखाली रक्त थांबेना. मुक्ताने हळद दाबून धरली.

अमरसिंह सोने द्यायला वाकला आणि चेहरा पाहून म्हणाला, "आण्णा, सीमोल्लंघनाला कुठं लढाईवर गेलता का?" घरभर हशा. मीही त्यात हसलो.

दरवर्षी आपट्याचे पहिले पान बंकटचे असते. दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. तो आला नाही. कोणत्या तोंडाने येईल? — नाही. कोणत्या तोंडाने मी वाट पाहिली, हा खरा प्रश्न.

आश्विन शुद्ध एकादशी

आज पुन्हा वर्ज्य! एक गाल अर्धवट भादरलेला, दुसरा रान माजलेला. पौर्णिमेला सकाळी मंडपात माझे प्रवचन आहे. विषय मीच दिला होता — सर्वांभूती समदृष्टी.

देवा, तू ऐकतोस ना? की तूही उठून गेलास?

आश्विन शुद्ध द्वादशी

दुपारी रस्ता मोकळा पाहून बंकटकडे गेलो. मोकळा पाहून — हे लिहून ठेवतो.

दुकानात खोकी बांधलेली. एक आरसा भिंतीवर, एक गोधडीत गुंडाळलेला. मी काही न बोलता वस्तरा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरला, टिचकी मारली, वास घेतला आणि खदखदून हसला.

"काका, दही लावलंत व्हय ह्याला? पूजा केली? आवो, नव्या नवरीवानी न्हाऊ घातलंय!"

मग हसू आवरून खोक्यातून दगड काढला. तासभर पाते घासत राहिला. एक बाजू, दुसरी बाजू, अंगठ्याच्या पोटाने धार पारखत. घासता घासताच म्हणाला, "पुनवेला सकाळी सातला टेम्पो येतोय. चाकणला जावयाचं दुकान हाय. खुर्ची न्हाई देनार मला. झाडायपुसायला ऱ्हा म्हनला."

चाळीस वर्षांचा हात. झाडायपुसायला!

मी खुर्चीत बसलो. त्याने गळ्याभोवती कापड बांधले, दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "काका, शटर पाडू का? रस्त्यानं मानसं जात्यात. तुमालाच तरास व्हईल."

श्रावणापासून एक शब्द माझ्याकडे अडकला होता. तो आज निघाला.

"पाड," म्हणालो.

अंधार झाला. त्याने दिवा लावला. साबण, कोमट पाणी, आणि ते पाते — गालावरून पाणी ओघळावे तसे. वस्तरा कंठापाशी असताना तो म्हणाला, "बैठकीत तुमी बोलला असता ना काका, तर..." हात तसूभरही हलला नाही. इतकी स्वच्छ श्मश्रू त्याने माझी कधी केली नव्हती.

थांब, जाऊ नकोस — हे मला म्हणता आले नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो.

आश्विन शुद्ध त्रयोदशी

अन्न गोड लागत नाही. जप करताना मणी कुठे आहे ते विसरतो.

आश्विन शुद्ध चतुर्दशी

मंडप उभारताना सगळ्यांनी माझा चेहरा वाखाणला. अमरसिंह सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बघा! आण्णांनी या वयात वस्तरा शिकून घेतला. आपलं कुणावाचून अडत न्हाई!" शेजारचा तात्याबा, माझ्याच वयाचा, गालावरचे स्वतःचे खुंट चोळत म्हणाला, "म्हाराज, मला बी शिकवा की."

"शिकवीन," म्हणालो.

घरी येऊन आरसा पालथा घातला. मुक्ताने पाहिले. म्हणाली, "हात बंकटचा हाय, ते मला दारातूनच कळलं व्हतं. कुनाला सांगितलं न्हाई." तीही गप्प राहिली, माझ्यासाठी. माझे मौन आता घरभर पसरले आहे.

उद्या सात वाजता टेम्पो. नऊ वाजता समदृष्टी. मला या दोन्हींतले काहीही पाहायचे नाही. हे नारायणा, उद्याचा सूर्य माझ्यापुरता नाही उगवला तरी चालेल.

आश्विन पौर्णिमा

सातला टेम्पो गेला. मी ओसरीवरून आवाज ऐकला. उठलो नाही.

नऊला मंडपात पोथी उघडली आणि मिटली. म्हणालो — ही श्मश्रू बंकटने केली. शटर पाडून केली, आणि ते मीच पाडायला लावले. बैठकीत अध्यक्ष मी होतो, गप्पही मीच बसलो. पाप माझे आहे. ज्याला उठून जायचे त्याने जावे.

डोळे मिटून वाट पाहिली.

कोणी उठले नाही. अमरसिंहसुद्धा! मान खाली घालून बसून राहिला. मग खांबाला टेकलेला तात्याबा म्हणाला, "म्हाराज, मंग कावून एवढे दिस लावले? आमी समदे तुमच्याच तोंडाकडं बघत व्हतो."

हे पान कधी कोणाच्या हाती पडले, तर वाचणाऱ्याचे सर्वतोपरी मंगल होवो. त्याच्या घरात कोणी उपेक्षित न राहो. आणि ओठांवर अडकलेला शब्द उच्चारण्याचे बळ त्याला, टेम्पो अजून दारात उभा असतानाच लाभो.