वर उचलणारी खुर्ची

प्रिय नकटे,

तुझं पत्र पोचलं. तीन ओळींसाठी एवढं मोठं पाकीट कशाला वाया घालवलंस ते कळलं नाही, पण असो. दवाखान्यात असतो तसला, दांडा फिरवला की वर-खाली होणारा पलंग घरी घेऊ का, असं तू विचारलंयस. पलंग फार महाग आहे, सासूबाई नको म्हणतात, आणि डॉक्टर म्हणाले की तुझ्या नवऱ्याचे आता थोडेच महिने उरलेत. हे शेवटचं तू पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस. बारीक लिहून ते कमी खरं होत नाही, नकटे. माझा चष्मा चांगला आहे. मला वाचता आलं.

हो की नाही ते एका ओळीत कळवता आलं असतं. पण महागाच्या वस्तूबद्दल आजीला विचारलंस की ती लवकर आवरत नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळेत मी जेमतेम अक्षरं जुळवण्यापुरती गेले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. चहा घे, त्याच्या उशाशी बस आणि वाच. त्यालाही वाचून दाखव. त्याच्यापासून लपवावं असं मी काही लिहिणार नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्याने. यंत्र कधी थांबणार ते त्याला आवाजावरून कळतं. स्वतःचं तर त्याला तुम्हा सगळ्यांच्या आधी कळलं असणार.

स्वस्त वस्तू घेऊन मी आयुष्यात जेवढे पैसे घालवले तेवढे महाग घेऊन नाही घालवले. स्वस्तातल्या छत्र्या पहिल्याच वाऱ्याला उलट्या झाल्या. पातळ पत्र्याची पातेली एकामागून एक करपली, आणि त्यातलं खाताना तुझा बाप लहानपणी जे तोंड करायचा ते अजून आठवतं. मग एकदा मन घट्ट करून जाड बुडाचं पातेलं घेतलं. शेजारणी म्हणाल्या, यात काय सोनं शिजवणार आहेस का? त्यातल्या निम्म्या शेजारणी गेल्या, पातेलं आहे. काल त्यातच भाजी केली. अशा वस्तूचा हिशोब सोपा असतो. टिकली, वापरली, पैसे फिटले. कुणीही सांगेल. मला ज्या वस्तूबद्दल सांगायचंय तिचं तसं नाही.

दुकानातली ती लोखंडी खुर्ची. तिच्या पाय ठेवायच्या पट्टीवर उभी राहून तू आरशात जीभ काढायचीस, ती. तुझ्या आजोबांनी केस कापायचं दुकान टाकलं तेव्हा तिथे साधी लाकडी खुर्ची होती. गिऱ्हाईक उंच असो की बुटकं, खुर्ची तेवढीच. म्हणजे वाकायचं ते आजोबांनी. दिवसभर लोकांच्या हनुवट्यांखाली वाकून संध्याकाळी मागच्या खोलीत यायचे ते घडी घातल्यासारखे. बसताना भिंत धरायचे, उठताना मला धरायचे. तक्रार नाही. तक्रार करायचं खातं घरात माझ्याकडे होतं. तेव्हा आम्ही वर एक खोली चढवायची म्हणून पैसे साठवत होतो. मी म्हटलं, खोली राहू दे, तुम्हाला सरळ उभं राहता येईल अशी खुर्ची आणू. पायाने दांडी दाबली की गिऱ्हाईक आपोआप वर येतं, मान मागे टेकवता येते, गोल फिरते. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, आता गिऱ्हाइकाला पाळण्यात घाला आणि झोके देत दाढी करा! आजोबा हळूच म्हणाले, अगं, तेवढ्या पैशात डोक्यावर छप्पर होईल. मी म्हटलं, छपराखाली तुम्ही वाकूनच चालणार असाल तर ते उंच कशाला हवं?

ती आली तेव्हा दाराची चौकट काढावी लागली. चार माणसं हाशहुश करत होती, म्हणून शेजारचा बेकरीवाला पिठाच्या हातांनीच मदतीला धावला आणि त्याची पाचही बोटं नव्या लाल कातड्यावर उमटली. मी त्याला असं काही बोलले की तो महिनाभर दुसऱ्या गल्लीत दाढीला जायचा. मग परत आला, कारण तिथली खुर्ची लाकडी होती. अजून येतो. कानामागे चार केस उरलेत, ते कापून घेतो आणि तुझ्या बापाचं डोकं खातो. परवा तुझ्या नवऱ्याची चौकशी करत होता. मी म्हटलं, आहे.

खुर्चीने आजोबांची पाठ वाचवली. गिऱ्हाईकं वाढली, वरची खोलीसुद्धा पुढे तिच्याच जोरावर झाली. कातडं फाटलं तसं बदललं, लोखंड तेच. एकच खोड होती तिला. आतलं तेल गळायचं आणि साबण लावलेलं गिऱ्हाईक हळूहळू खाली बसायचं. पोस्टमन एकदा अर्ध्या दाढीत एवढा खाली गेला की आरशात त्याला फक्त स्वतःचा भांग दिसत होता. आजोबा म्हणायचे, दमलीय बिचारी, आणि दांडी दाबून पुन्हा वर घ्यायचे. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पैसे कधीच वसूल झाले. मी ती कशासाठी घेतली होती ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मग आजोबांचं अर्धं अंग गेलं. तू लहान होतीस, तुला ते खुर्चीतलेच आठवत असतील. पण त्याआधी कित्येक आठवडे ते मागच्या खोलीत, जमिनीवर घातलेल्या गादीवर होते. मी वाकून भरवायचे, वाकून पुसायचे, वाकून कूस बदलायचे. माझी कंबर गेली ती तिथेच. पण कंबर जाऊ दे. जमिनीवर पडलेल्या माणसाला घरातलं प्रत्येक माणूस खालून दिसतं. डॉक्टर वरून बोलतो, मुलगा वरून बघतो, बायको वरून खाली येते आणि पुन्हा वर निघून जाते. त्यांनी बोलणं सोडलं. दाढी करू देईनात. ज्या माणसाने साऱ्या गल्लीच्या हनुवट्या गुळगुळीत ठेवल्या त्याच्या तोंडावर जंगल माजलं. मी चिडायचे, ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाले, आता यांच्यावर फार खर्च करू नका.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तुझ्या बापाला आणि बेकरीवाल्याला म्हटलं, उचला त्यांना. खुर्चीत बसवलं, घसरू नयेत म्हणून कमरेला चादर बांधली, मान टेकवली. मी दांडी दाबत गेले. त्यांचं तोंड वर येत येत माझ्या तोंडासमोर आलं. मी सरळ, ते सरळ. असं समोरासमोर आम्ही एकमेकांना शेवटचं कधी पाहिलं होतं कोण जाणे. मी साबण फेसला, वस्तरा उघडला. तेव्हा त्या अर्ध्या तोंडातून इतक्या दिवसांनी पहिला शब्द निघाला. तुला वाटेल, काहीतरी गोड बोलले असतील. म्हणाले, उलटा धरलायस.

त्यानंतर रोज दुकानाची बोहनी त्यांच्या दाढीने व्हायची, तीही फुकट. ते शिकवायचे, मी कापायचे, गालसुद्धा कापायचे. तू दांडी दाबायला धावायचीस आणि तुझ्या वजनाने ती हलायची नाही. तेल गळायचं, ते खाली जायला लागायचे, मी म्हणायचे, कुठे निघालात? आणि पुन्हा वर घ्यायचे. एक हिवाळा गेला, उन्हाळ्याचे थोडे दिवस गेले. मग एका सकाळी ते गेले, नुकती तुळतुळीत दाढी झालेली असताना. त्या खुर्चीत इतकी वर्षं सगळी गल्ली बसून गेली, पण खुर्ची म्हटलं की मला ती गल्ली आठवत नाही. ते थोडे महिने आठवतात.

आणि तुझा नवरा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, लिफ्ट दुरुस्त करतो. मी म्हटलं, माणसांना वर नेतोस की अर्ध्यात लटकवतोस? तू लाजून कोपऱ्यात गेलीस, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो खुर्चीकडे बघत होता. म्हणाला, आजी, ही हळूहळू खाली बसते का? मी म्हटलं, जन्मापासून. त्याने तुझ्यासाठी घातलेला नवा शर्ट काढून खुंटीला लावला, जमिनीवर आडवा झाला आणि खुर्चीच्या पोटात हात घातला. आत कुठलीशी रबराची चकती झिजली होती. पुढच्या खेपेला तो नवी घेऊन आला. मिठाई आणली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. तेव्हापासून खुर्ची एकदा वर केली की वरच राहते. आणि आता तोच पोरगा जमिनीवरच्या गादीवरून तुम्हा सगळ्यांना खालून बघतोय.

सासूबाईंवर चिडू नकोस. ती बाई कंजूष नाही. पलंग दारातून आत आला की आपला मुलगा पुन्हा उठून कामावर जाणार नाही, हे तिला मान्य करावं लागेल. त्यापेक्षा महाग आहे म्हणणं सोपं. तिला समजावायला जाऊ नकोस, दोघी रडाल आणि पलंग दुकानातच राहील.

पैसे तुझ्याकडे आहेत. पलंग कुठे मिळतो तेही तू बघून ठेवलंयस. तरी मला विचारलंस, म्हणजे ज्याच्या डोक्यावर खापर फोडता येईल असं कुणीतरी मोठं तुला हवंय. फोड. सासूबाईंना सांग, आजी राहायला येतेय आणि म्हातारी हटून बसलीय, तिची कंबर वाकत नाही, वर होणारा पलंग घरात असल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवणार नाही. बोलू दे त्यांना मला काय बोलायचं ते, एवढ्या लांब ऐकू येत नाही. पुढच्या आठवड्यात तुझा बाप मला आणून सोडतोय. आजोबांचा वस्तरा धार लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मी यायच्या आत पलंग आण, आणि दांडा किती फिरवला की त्याचं तोंड तुझ्या तोंडासमोर येतं ते बघून ठेव. दाढी तू करायचीस. मी बाजूला उभी राहीन, आणि उलटा धरलास तर तो सांगेलच.

तुझीच,
कमरेने गेलेली, तोंडाने शाबूत
आजी