थाळीवालीचा उजवा हात

मी, शरयू मधुसूदन टेंबे, वय चौऱ्याहत्तर, धंदा व्यापारी चित्रकला, राहणार थाटीपुर, ग्वाल्हेर, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी डॉ. गरिमा मोहिते यांनी सकाळी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी मला शाळेतही येत नव्हती. मी त्यांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर त्यांचे नाक काढून दाखवले, आणि त्यांनी मुकाट्याने दाखला दिला. माझ्यावर कोणाचा दाब नाही की धाक नाही. धाक घालण्याचे काम आजवर मीच केले. ते कलम चारमध्ये येईल.

वकील राजलक्ष्मी पवार म्हणाल्या, "काकू, वसीयत हिंदीत करू या, पुढे कचहरीत बरं पडतं." मी म्हटले, भांडण मराठीत झाले आहे, निवाडाही मराठीतच होऊ दे. तर्जुमा त्या करून घेतील. २०१९ साली केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात एक अट होती, आणि तिची आता मला लाज वाटते.

कलम १. थाटीपुरचे राहते घर, अंगण आणि दारचा पेरू यांसह, माझा मुलगा राघव याला द्यावे. तो गुडगावला असतो आणि दोन वर्षांतून एकदा येऊन म्हणतो, "आई, इथे काहीच बदलत नाही." घर त्याचे झाल्यावर त्याने हवे ते बदलावे. पेरू मात्र तोडू नये. त्याच्या वडिलांनी तो सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लावला होता आणि नोकरीपेक्षा जास्त निष्ठेने सांभाळला.

कलम २. बँकेतील ठेवी राघव आणि माझी पुतणी तन्वी यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. सोन्याच्या पाटल्या सून अवंतिका हिला. या घरात आल्यापासून मला चित्रकला शिकवा असे न म्हणणारी ती एकटीच, त्यामुळे आमचे संबंध उत्तम राहिले.

कलम ३. माझे सर्व ब्रश, शून्य नंबरचे तिन्ही धरून, राघवला द्यावेत. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आणि हे मी लेखी देत आहे. ते ब्रश त्याने वापरावेत, काचेच्या कपाटात मांडू नयेत.

स्टुडिओतला भिंतीवरचा आरसा माझे धाकटे दीर, तन्वीचे वडील, नाना टेंबे यांना द्यावा. लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले तेव्हा, विशीत असलेले हे नाना मला म्हणाले होते, "वहिनी, बायकांनी रांगोळी काढावी, पाट्या रंगवू नयेत." पुढे इथल्या लष्कर भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या. आता ते चारचौघांत म्हणतात, "आमच्या तन्वीला चित्र येत नाही, वहिनींनी स्टुडिओत उगाच बसवून ठेवली आहे." हे वाक्य त्यांना मीच शिकवले, म्हणून शिक्षा म्हणून फक्त आरसा. रोज दाढी करताना पाहावा.

कलम ४. इंदरगंजच्या चौकाजवळचा 'शरयू आर्ट्स' हा स्टुडिओ.

ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. जुन्या मृत्युपत्रातली अट अशी होती की राघव आणि तन्वी यांच्यापैकी जो वकिलांसमोर बसून, रबराला हात न लावता, स्वतःच्या हाताचे चित्र काढील त्याला स्टुडिओ मिळावा. कोणाला मिळणार हे उघड होते. दसऱ्याला सगळे जेवायला बसलेले असताना मी ती अट मोठ्याने वाचूनही दाखवली. राघव हसला. तन्वी वाढत होती, ती वाढत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दहाला स्टुडिओत येऊन तिने औषधाच्या लेबलाचे अर्धे राहिलेले काम पुरे केले.

ज्याला हाताने काढता येत नाही तो डिझाइनर नव्हे, हे मी पन्नास वर्षे बोलत आले. चित्रकला म्हणजे माझ्या हातचा मळ. गिऱ्हाईक बोलत असे आणि मी चहा येईपर्यंत पाकिटाच्या पाठीवर त्याच्या मनातले काढून देत असे. तन्वीला आंबा काढायला सांगितला तर बटाटा होतो. पण तिने जुळवलेले औषधाचे लेबल माझ्यासारखी मोतीबिंदूवाली बाईही चष्म्याशिवाय वाचते. राघवने एका लग्नपत्रिकेवर मोर काढला होता, असा की नजर हटू नये. नजर खरोखरच हटली नाही. तारीख पिसाऱ्यात हरवली आणि मुलाकडचे दोघे पाहुणे दुसऱ्या दिवशी जेवायला आले. हे दोन्ही मला दिसत होते. पण मी बोलत होते एकच.

आता मुख्य गोष्ट. १९८६ साली मी मिठाईवाले हरिमोहनजी यांच्या गजकेच्या, म्हणजे तिळाच्या मिठाईच्या, डब्यासाठी एक बाई काढली. तिच्या डाव्या हातात थाळी, उजवा हात 'या' म्हणून वर केलेला, तळवा आपल्याकडे. एका बैठकीत काढली, खाली आधाराची रेघ न घेता. संक्रांतीपर्यंत लोक दुकानात येऊन "थाली वाली देना" म्हणू लागले. ग्वाल्हेरहून कोणी पुण्याला निघाले की पिशवीत हा डबा असतोच. माझे नाव या बाईमुळे झाले.

दोन वर्षांपूर्वी हरिमोहनजींच्या मुलाला डबा नवा करायचा होता. तन्वीने संगणकाला सांगून थाळीवाल्या बाईचे एक चित्र बनवून घेतले आणि पडद्यावर दाखवले. बाई देखणी होती. तिच्या हाताला सहा बोटे होती. मी बाप-लेक दोन्ही शेठांसमोर, छापखान्याच्या माणसासमोर, मोठ्याने हसले. म्हटले, "हे सहावं बोट कोणाचं, तुझं का? हाताने काढलं असतंस तर मोजलं असतंस." आणखीही बोलले. अंगठाछाप म्हटले. तन्वीने पडदा बंद केला आणि सगळ्यांना पाणी दिले.

मंडळी गेल्यावर तिने माझा जुना डबा टेबलावर ठेवला.

"काकू, एक बात बोलू? रागवू नका."

"बोल."

"ह्या बाईचे ना, दोन्ही हात लेफ्ट आहेत."

"वेडी आहेस का?"

"देखो ना. वरच्या हाताचा अंगठा बाहेर जातोय, रस्त्याकडे. तिच्या तोंडाकडे यायला पाहिजे."

मी डबा हातात घेतला. मग माझा उजवा हात वर केला, मग डावा, मग पुन्हा उजवा. चष्मा पुसला. तन्वी खरे बोलत होती.

असे कसे झाले ते मला लगेच कळले. हाताचे चित्र काढताना आम्ही समोर स्वतःचाच हात धरतो. माझा उजवा ब्रश धरून होता, म्हणून नमुन्याला डावा. थाळीखालीही तोच आणि वरही तोच. मागे भिंतीवर आरसा होता. वळून त्यात पाहिले असते तर त्याच डाव्या हाताचा उजवा दिसला असता. पण मी शरयू टेंबे, मला आरसा कशाला लागतो! ज्याला काढता येत नाही त्याच्याकडून ही चूक झालीच नसती. हातात कला मुरली आणि डोळे झोपी गेले.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" मी विचारले.

"लहानपणापासून. तुमच्या उन्हाळ्याच्या क्लासमध्ये डबा होता, पेन्सिली ठेवायला. मी बघत बसायचे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला ड्रॉइंग येत नाही ना, काकू. मी कशी बोलणार?"

असे म्हणून ती परत कामाला बसली. तिचा माऊस टेबलाच्या डाव्या बाजूला असतो. सात वर्षे मी त्यावरून कुरकुर केली होती की माझा हात पोचत नाही. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तो नीट पाहिला, आणि मला २००३ सालचा मे महिना आठवला. थाटीपुरच्या व्हरांड्यात दहा-बारा मुले, त्यांत आठ वर्षांची तन्वी, पेन्सिल डाव्या हातात. मी पट्टी मारली. म्हटले, चित्र काय डाव्या हाताने काढतात? आठ दिवस मी पेन्सिल तिच्या उजव्या हातात कोंबत होते. नवव्या दिवशी ती आली नाही. मी नानांना सांगितले, "हिला चित्र येत नाही." घरात ते वाक्य तेव्हापासून आहे. सगळ्यांना ते खरे वाटते, तन्वीलाही.

तिला येत नव्हते असे नाही. मी येऊ दिले नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

म्हणून, स्टुडिओ, त्यातील यंत्रे, टेबले, गिऱ्हाइकांच्या फायली आणि 'शरयू आर्ट्स' हे नाव, सर्व तन्वी नाना टेंबे हिला विनाअट द्यावे. राघवने यावर हक्क सांगू नये. राघव, तू रुसशील, पण तुला स्टुडिओ नको होता, जिंकायला हवा होता. पाटीवर तन्वीने स्वतःचे नाव माझ्या नावाच्या वर लिहावे, आणि अक्षरे तिनेच जुळवावीत. अक्षरांमधली जागा तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

तन्वीला इंदूरच्या एका कंपनीचे बोलावणे आले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही, पण टेबलाचे खण आवरायला घेतले आहेत. हे सगळे मी तिला तोंडावर सांगायला हवे. माझ्या तोंडाला रागावण्याखेरीज काही सांगण्याची सवय नाही. म्हणून कलम चार आणि पाच यांची नक्कल मी आजच तिच्या माऊसखाली ठेवणार आहे. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचून ती गेली तरी स्टुडिओ तिचाच.

कलम ५. नवा डबा.

डिझाइनरला हाताने काढता आले पाहिजे का, हा प्रश्न मला लोक अजून विचारतात. माझे उत्तर आजही आले पाहिजे असेच आहे, आणि त्यावर मी कोणाशीही भांडेन. फक्त कारण बदलले. काढल्याने चित्र चांगले येते म्हणून नव्हे. काढताना एका वस्तूकडे तासभर बघावे लागते म्हणून. तन्वी न काढताच बघत होती. तिने काढलेही तर काय होईल, ते पाहायची मला फार इच्छा आहे.

हरिमोहनजींना मी दोन डाव्या हातांची गोष्ट सांगून माफी मागितली. ते डबा उलटसुलट करून म्हणाले, "बाई जी, इतने साल हम तो थाली ही देखते रहे. आप आराम से ठीक कीजिए, डिब्बा रुका रहेगा." त्याप्रमाणे मी थाळीवाली पुन्हा काढली आहे. चेहरा, पदर, थाळी, डावा हात, सगळे झाले. उजवा हात कोपरापर्यंत आहे, पुढे कागद कोरा. मी तो काढू शकले असते. आता आरसा समोर ठेवण्याइतकी अक्कल आली आहे. मुद्दाम काढलेला नाही. कागद मधल्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात आहे.

तो हात तन्वीने काढावा. मला तो आरशात पाहूनच जमेल. तिला आरसाही लागणार नाही. ती डाव्या हाताने काढील आणि तिचा उजवा समोर मोकळा असेल, अंगठा बरोबर जिथे हवा तिथे. वाकडा आला तर वाकडाच छापावा. कोणीही, विशेषतः राघवने, तो सुधारू नये. ही अट नव्हे, स्टुडिओतले काम आहे.

तन्वी, पेन्सिल डाव्या हातात धर. पट्टी मी मोडून टाकली आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी खाडाखोड करून आणि ती तशीच ठेवून, साक्षीदारांसमोर सही करीत आहे. व्यवस्था पाहण्याचे काम ॲड. राजलक्ष्मी पवार यांनी करावे.

स्थळ : थाटीपुर, ग्वाल्हेर
दिनांक : १६ जानेवारी २०२५

(सही) शरयू मधुसूदन टेंबे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले व ज्यांना यातून काहीही मिळणार नाही :

१. डॉ. गरिमा मोहिते, थाटीपुर (सही)
२. संग्रामसिंह कदम, शेजारी, थाटीपुर (सही)