सकाळचं कंट्रोल

३ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! रक्तपेढीची प्रयोगशाळा कशी लख्ख आहे, आणि मला चक्क खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारी भिंगताई. नळीतली बारीकशी गुठळीही तिला नुसत्या डोळ्यांनी दिसते, म्हणून भिंग. तिने सकाळचं कंट्रोल दाखवलं. परक्या रक्तावर उलटणारी अँटीबॉडी मुद्दाम पातळ करून ठेवलेली; तिची नळी आधी रक्त जुळवायच्या द्रवाने तपासायची. फिकट गुठळी आली तर बाटलीतला द्रव चांगला. नाही आली, तर तो द्रव घातक रक्तालाही ‘जुळतं’ म्हणेल, बाटली फेकायची. उद्यापासून हे काम तुझं, म्हणाली. घरी येऊन नवऱ्याचं डोकं खाल्लं.

११ मार्च

आमची परीक्षा घ्यायला बाहेरून रक्ताचे नमुने आले होते. माझे दोन चुकले, ताईचा एकही नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्याकडून शिका. आधीच्या नोकरीत पंधरा वर्षं मी काय गवत उपटत होते? विभागप्रमुखाच्या जागेची आशा मलाही दाखवली होती. आता ती तिलाच मिळणार, हे शिपायालाही ठाऊक आहे. नवरा हसतो. तिचं चांगलं झालं की तुझ्या पोटात का दुखतं, म्हणे. खरंच दुखतंय. डोकंही ठणकतं. रिकाम्या पोटी गोळ्यांवर गोळ्या चालल्यात.

१९ मार्च

उद्या दुसऱ्या फेरीचे नमुने. ताईच्या त्या द्रवाच्या बाटलीत सलाइन घातलं. थोडंच. रुग्णांचं रक्त मशीन जुळवतं, ही बाटली फक्त परीक्षेची. कुणाचं काय बिघडणार आहे? एकदा तरी तिचं चुकू दे.

२० मार्च, सकाळ

कंट्रोलला गुठळी आली नाही. रकान्यात ‘बरोबर’ लिहिलं, सही ठोकली. ताईने वहीत डोकावूनसुद्धा बघितलं नाही. इतका विश्वास! त्याचाच जास्त राग आला.

दुपार

रक्ताची उलटी. अल्सर. आमच्याच रुग्णालयात, रक्तपेढीच्या वरच्याच मजल्यावर खाट. डॉक्टरांनी बाळंतपणं किती विचारलं. तीन. बाळामुळे आईच्या रक्तात अँटीबॉडी राहून जाते, ताईच सांगते —

रक्ताची पिशवी लावली. सिस्टर म्हणते काळजी नको, आपल्या माणसाचं म्हणून ताईंनी मशीनवर न टाकता स्वतः हाताने जुळवलंय.

हाताने. त्या बाटलीने.

सांगितलं तर नोकरी जाईल. आणि जागा तिचीच. कदाचित खरंच जुळलं असेल. कदाचित —

कंबर फुटतेय. हुडहुडी. रक्त उलटलंय. ताई आलीय. हात धरून बसलीय. झोप म्हणते. जीभ वळत नाही — ही डायरीच तिच्यापुढे धरते — ताई, पिशवी काढ, बाटलीत मी