पाठीवरची चिकूची साल

चिखले, सोमवार

ती. मनूताईस,

सूर्यकांताचा साष्टांग नमस्कार (पाठीवर पट्टी असल्याने तूर्त उभ्यानेच). भावोजींचा गुडघा कसा आहे? वेवजीला आता चांगलीच थंडी असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात माझी आंघोळ झाल्यावर सुषमा म्हणाली, "अहो, पाठीला चिकूची साल चिकटलीय." (आमच्याकडे चिकू कपाटातसुद्धा सापडतो, त्यामुळे मीही मान डोलावली.) तिने नख लावून ओढली. साल निघाली नाही, रक्त निघालं. झालं! रेल्वेच्या बुकिंग खिडकीत बसून पस्तीस वर्षं लोकांना "धीर धरा" म्हणून ओरडलो, पण माझा धीर पाच मिनिटांत सुटला. शेजारच्या चंद्रिकाबेन म्हणाल्या चुना-सोडा लावा. लावला, पाठ भाजली, आणि आठ दिवस पालथा झोपलो. पालथ्या माणसाला दुसरा उद्योग काय? मोबाइलवर कॅन्सरचं वाचत सुटलो आणि मरायलाच घेतलं. चंद्रिकाबेनना शिडी देऊन टाकली (ती त्यांचीच होती म्हणे). सुषमाला गॅसचं पुस्तक कुठे असतं ते गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, "मीच ठेवलंय ते."

शेवटी तिनेच मला डहाणूला कातडीच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. त्या पोरीने भिंगातून नीट पाहिलं आणि म्हणाली, काका, साधी वाढ आहे, कॅन्सर नाही, वय झालं की येते. वरून चिकटवल्यासारखी दिसते हीच तिची खूण. म्हणजे सुषमाचं निदान घरबसल्या बरोबर होतं! फक्त नख आणि चुना लावायचा नव्हता. काढलीच पाहिजे असं नाही, पण गंजीला घासते म्हणून गुरुवारी गोठवून काढणार आहे. ताई, इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आणि लाजही वाटली, एवढी निरोपाची तयारी फुकट गेली.

तुझा धाकटा,
सूर्यकांत

ता. क. मरायच्या घाईत तुला एक पाकीट टाकलं होतं. ते न उघडता परत पाठव.

पुन्हा ता. क. उघडलंच असशील, तू कसली थांबतेस! मग त्यात लिहिलंय ते खरं आहे. तुझ्या सईच्या लग्नपत्रिकेत माझं नाव भावोजींच्या चुलत्यांखाली छापलं म्हणून मी लग्नाला आलो नाही, असं तू चार वर्षं धरून बसलीयेस. रुसलो होतो, पण आलो होतो. केटररच्या तंबूमागून अक्षता टाकल्या. त्या जिलेबीच्या पाकात पडल्या.

शेवटचं. गुरुवारी सकाळी अकराला जायचंय. पाच मिनिटांचं काम आहे, सोबत कुणी लागत नाही असं डॉक्टर म्हणाली. तरी तू ये.