बारा गोणी बायोचार

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ६.४०

संकल्प: गावची खार जमीन मी सुधारणार. बायोचारने.

रिटायर होऊन चार महिने झाले. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केल्यावर कात्रपच्या फ्लॅटमध्ये बसून सुषमाच्या भाजीतलं मीठ कंट्रोल करत बसणं माझ्याने होणार नाही. सुषमा म्हणाली, माझ्यानेही नाही.

विषय सोपा आहे. लाकूड उघड्यावर जाळलं की राख होते. हवा कोंडून भाजलं की कोळसा होतो. तो शेतात मिसळायचा. जमीन भुसभुशीत होते, मिठाचा त्रास कमी होतो, शिवाय झाडाने हवेतून घेतलेला कार्बन शेकडो वर्षं मातीत गप्प पडून राहतो. तीन व्हिडिओ पाहिले. चौथा अर्ध्या तासाचा होता. गरज वाटली नाही.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कुणी माहिती विचारली तर तारखा चुकायला नकोत, एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आलो. पनवेलच्या पलीकडे खाडीला लागून आमचं शेत. दोन वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी आत शिरलं आणि सगळ्या शेतात मीठ बसलं. जमीन माझ्या नावावर आहे. बाबा गेले तेव्हा आक्काने हक्कसोडीवर सही केली. पुढे तिचा नवरा वारला, ती माहेरी आली, तेव्हापासून शेत तीच कसते. मी एका शब्दाने बोललेलो नाही. हा मोठेपणा घरात कुणाच्याही लक्षात येत नाही.

तिला प्लॅन सांगितला. ती म्हशीला पाणी पाजत होती. मान वर न करता म्हणाली, हऱ्या, बांद फुटला तवा तू कुठं व्हतास? मी ऑडिटमध्ये होतो. तसं सांगितलं. हसली. ते हसणं मला झोंबलं.

मग मीही इरेला पेटलो. अर्धं शेत तिचं, अर्धं माझं. माझं पीक सरस आलं तर पुढच्या वर्षीपासून सगळं शेत मी बघणार, तिने आराम करायचा. तिचं सरस आलं तर मी पुन्हा बांधावर पाऊल ठेवणार नाही. ती म्हणाली, लिवून दे. दिलं. वर तारीख, खाली सही. तिने कागदाची घडी घालून पानाच्या डब्यात ठेवली. डॉक्युमेंट कसं ठेवायचं याचीसुद्धा अक्कल नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उल्हासनगरला भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आणला. वास घेऊन आत काय होतं ते ओळखलं. एकतीस वर्षांचं नाक आहे. दुकानदार बघत बसला होता. म्हणाला, साईं, इसमें अचार डालोगे क्या? त्याला कार्बनचं चक्र हिंदीत समजावून सांगितलं. वीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाला, अच्छा, मतलब कोयला. गाढवाला गुळाची चव काय.

२ मार्च, रविवार. सकाळी ११

पहिली भट्टी. सोसायटीच्या मागच्या बाजूला. कच्चा माल: स्टेशनजवळच्या नारळपाणीवाल्याची रिकामी शहाळी. ती पूर्ण वाळलेली नव्हती हे धूर निघाल्यावर कळलं.

धूर पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत गेला. सेक्रेटरी दौलतराव बनियनवर खाली आले आणि म्हणाले, अहो, सरणाची लाकडं घरीच पेटवताय का? मी म्हणालो, हे पर्यावरणासाठी चाललंय. ते म्हणाले, पर्यावरण माझ्या नाकात गेलंय.

दुपारी ग्रुपवर ठराव आला. आवारात काहीही जाळायला बंदी. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. त्यातला एक सुषमाचा.

१४ मार्च, शुक्रवार

वाळायला ठेवलेल्या गुलमोहराच्या फांद्या काल दौलतरावांनी होळीत टाकल्या. सार्वजनिक कामाला घेतल्या म्हणाले. उघड्यावर जाळल्या! सगळा कार्बन परत हवेत. मी होळीभोवती फिरून प्रत्येकाला हे सांगितलं. लोकांनी माझ्याच नावाने बोंब मारली.

या माणसाशी आयुष्यभर बोलणार नाही. संकल्प.

१७ मार्च, सोमवार

दौलतरावांशी बोलावं लागलं. पाण्याचा टँकर त्यांच्या हातात आहे.

२० एप्रिल, रविवार

वीस गोणी तयार! आमच्या गावचा रूपेश शिरगावला राहतो, त्याचा टेम्पो आहे. टेम्पो लावतो त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आठ भट्ट्या लावल्या. कोळसा काळा, हलका, टणटण वाजणारा. क्वालिटी ए-वन. रूपेशने विचारलं, काका, चिकन भाजू का याच्यावर? त्याला समोर बसवून सांगितलं की हा कोळसा जाळायचा नसतो, हा एक हजार वर्षं टिकतो. तो म्हणाला, आक्काला माहितीय का?

अंबरनाथ पश्चिमेला जाऊन बोर्ड रंगवून घेतला. हिरव्यावर पांढरा. ‘हरिचंद्र कार्बन फार्म’. पेंटर म्हणाला, खाली फोन नंबर टाकू? टाक म्हटलं. लोक विचारणारच.

११ मे, रविवार

टेम्पो घेऊन गावी. कडाक्याचं भांडण.

विषय राब. रोपं करायच्या जागेवर शेणी, पाला, गवत पसरून भाजतात आणि त्यावर भात पेरतात. आजीही करायची, आईही, आता आक्का. मी स्पष्ट सांगितलं की ही अडाणी पद्धत आहे, उघडा जाळ, शुद्ध प्रदूषण. ती म्हणाली, तू शिरगावला काय अगरबत्ती लावत व्हतास?

याला उत्तर आहे. परतताना टेम्पोत सुचलं.

मग बियाणं मागितलं. आमच्याकडे राता नावाचं लाल भात आहे, खाऱ्या पाण्यात तग धरणारं. खांड पडल्यावर गावात बहुतेकांचं गेलं. आक्काने विहिरीजवळ चार-चार ओळी लावून दोन वर्षं ते जगवलं. सगळं मिळून दोन पायली. अर्धं शेत म्हणजे अर्धं बियाणं, असं मी म्हटलं. ती कणगीपाशी गेली. मग एक पायली मोजून माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, आयेचं बी हाय, हऱ्या. शेणात कालवून, राबावर पेर. मी म्हणालो, माझ्या कार्बनला शेणाचा हात लागणार नाही. शुद्ध माल आहे.

आठ गोणी माझ्या रोपांच्या जागेत जाड थर करून पसरल्या. उरलेल्या बारा गोठ्याच्या कोरड्या बाजूला ठेवल्या, दुसऱ्या डोससाठी. बोर्ड गोठ्याला टेकवला. बांधावर सूर्यास्ताच्या वेळी लावू म्हटलं, फोटोला बरं. नंतर टेम्पोची घाई झाली.

२५ मे, रविवार

पेरणी केली. पाऊस यायला दहा-बारा दिवस आहेत. वेळेचं नियोजन अचूक.

२८ मे, बुधवार

पाऊस परवाच आला. मे महिन्यात! याला मी जबाबदार नाही.

आक्काच्या शेजारणीच्या फोनवर बोललो. आक्का म्हणाली, तुझा कोलसा पोहतोय. मी म्हणालो, म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे पोहतोय. रोपांच्या जागेत पाणी भरलं, कोळसा तरंगून वर आला, बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, निम्मा खाडीत गेला. थोडं बी पण गेलं त्याच्याबरोबर.

शांतपणे विचार केला. कार्बन समुद्रात गेला तरी तो साठलेलाच आहे. उलट जास्त खोल. सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, आणि बी?

१५ जून, रविवार

राहिलेलं बी उगवलं. रोपं पिवळी. आक्काची राबावरची रोपं हिरवीगार, वीतभर. माझी चार बोटं. पण हिरवेपणा फसवा असतो. पिवळेपणा हा संक्रमणकाळ आहे, मुळं आत ताकद धरत असणार. मी एक रोप उपटून पाहिलं. मूळ नव्हतं फारसं. ते अपवाद असेल.

निर्णय: डोस कमी पडला. पुढच्या रविवारी दुसरा डोस द्यायचा. बारा गोणी आहेत.

२९ जून, रविवार

मागचा रविवार कणकण आणि दौलतरावांच्या नातवाचं बारसं यांत गेला नसता तर वेळेवर पोहोचलो असतो. आज पोहोचलो.

रोपं गेली. जवळजवळ सगळी. आक्का तिथे बसली होती. मला वाटलं, आता तोंड सुटणार, मी तयारीत होतो. ती एक वाळकं रोप हातात घेऊन बोटांवर चोळत बसली. मग पदराला हात पुसून उठली आणि तिची रोपं लावायला गेली.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

नंतर दुसऱ्या डोससाठी गोठ्यात गेलो. बाराच्या बारा गोण्या रिकाम्या, घडी करून ठेवलेल्या! आक्काला गाठलं. ती म्हणाली, म्हशीचं पाय चिखलात जात व्हतं, म्हणून टाकला खाली. दीड महिना म्हैस माझ्या कार्बनवर उभी होती, त्यावर मुतत होती, शेणत होती. शेवटी तो सगळा गाळ काढून आक्काने आपल्या अर्ध्या शेतात लोटलाही होता. गोठ्यातलं खत जातं तसं.

मी ओरडलो. एक हजार वर्षांचा कार्बन म्हशीच्या पायाखाली! ती म्हणाली, म्हशीला नीज चांगली लागली.

बोर्डसुद्धा गोठ्याला लावला होता. पावसाच्या झडीच्या बाजूने, आडवा. अक्षरं आतल्या बाजूला. म्हशीला वाचता येतील अशी.

२४ ऑगस्ट, रविवार

माझ्या अर्ध्यात आक्काने लावणी केलेली नाही. कागदाप्रमाणे ते माझं. त्यात लव्हाळा आहे. लव्हाळाही जिवंत वनस्पतीच आहे आणि तो मिठात आला, ही सुधारणा नाही का?

तिच्या अर्ध्याकडे पाहिलं नाही. पाहिलं, पण नीट नाही. गर्द हिरवं आहे. युरिया टाकला असेल चोरून. या बायकांचा भरवसा नाही.

संकल्प: तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची. म्हणजे तिची लबाडी उघडी पडेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार. रात्री ८

तज्ज्ञ आली. शलाका नावाची तरुण मुलगी, खार जमिनीवर संशोधन करते. फोनवर मीच तीनदा सांगितलं होतं की प्रयोग माझा आहे.

माझ्या भागात मीटर खुपसला आणि आकडा बघून पुढे गेली. आक्काच्या भागात मात्र अर्धा तास. माती हातात घेतली, वास घेतला, फोटो काढले. मीठ निम्म्याहून कमी. लोंब्या वीतभर, दाण्यांनी लवलेल्या. विचारलं, मावशी, कोळसा कशात मुरवलात? आक्का म्हणाली, मुरवला नाय, म्हशीखाली टाकला.

त्यावर ती मुलगी टाळी वाजवायचीच बाकी होती. म्हणाली, हेच करायचं असतं! कोरा कोळसा मातीतलं खत स्वतःच ओढून घेतो, रोपं उपाशी मरतात. तो आधी शेणामुतात मुरवायचा. मग तो ते धरून ठेवतो आणि पिकाला देतो. लोणच्यासारखं आहे, म्हणाली.

भंगारवाला आठवला.

मी म्हणालो, मला हे ठाऊक होतं. म्हणूनच माझा भाग मी मुद्दाम कोऱ्या कोळशाचा ठेवला. कंट्रोल प्लॉट. तुलनेसाठी. तिने माझ्याकडे पाहिलं, आक्कानेही पाहिलं. म्हैससुद्धा बघत होती असं वाटलं. मुलीने वहीत शेतकऱ्याचं नाव लिहिलं: विठा. आडनाव विचारलं. मी म्हणालो, जमीन माझ्या नावावर आहे. ती म्हणाली, हो का, आणि तिचाच फोटो काढला. गोठ्याच्या दाराशी. मागे माझा बोर्ड होता, पण उलटा.

घरी येऊन चौथा व्हिडिओ पाहिला. पहिल्याच मिनिटाला सांगितलंय, मुरवल्याशिवाय टाकू नका. व्हिडिओचं नाव इतकं साधं ठेवलं तर कोण बघणार?

२ नोव्हेंबर, रविवार

कापणीला गेलो नाही. कागदाला भिऊन नाही. गुडघा दुखतो.

पण कापणी झाल्यावर ती बोलावेल. रक्ताचं नातं आहे. निम्मं बियाणं माझ्यामुळे गेलं, हे मान्य. पण निम्मं पीक माझ्या कोळशामुळे आलं. म्हणजे हिशेब फिटला. पुढच्या वर्षीचे वाफे कागदावर आखून ठेवले आहेत. या वेळी म्हैस प्लॅनमध्ये घेतली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.१५

रूपेश गावाहून आला. आक्काने पिशवी पाठवली होती. हातात घेताच कळलं, राता. सुषमाला मोठ्याने म्हणालो, बघ, बियाण्याचा वाटा आला. पुढच्या जूनमध्ये कुठे पेरायचं तेही ठरवून झालं.

पिशवी सोडली. भात नव्हतं, तांदूळ होते. गिरणीतून काढलेले, लालसर, एकेक खडा निवडलेला. शिजतील. उगवणार नाहीत.

तळाशी माझा फेब्रुवारीचा कागद. पानाच्या डब्यात राहून कडेने लाल झालेला. सही स्वच्छ वाचता येते.

रूपेशला विचारलं, काही म्हणाली? तो आधी नाही म्हणाला. मग चपला घालता घालता म्हणाला, आक्का बोलली, अजून बारा गोनी कोलसा पाठव. म्हशीखाली टाकायचाय. तू येव नुको.

सुषमाला म्हटलं, ही पहिली ऑर्डर. ती तांदूळ धूत होती. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. भात लाल, जरा जाड. आईच्या हातचा असायचा तसाच. दोनदा वाढून घेतला.

उद्या सकाळी नारळपाणीवाल्याकडे जायचं. शहाळी या वेळी नीट वाळवायची.