हिरव्या साडीचा सीन

६ जानेवारी २०१९, रविवार
आजपासून पिक्चर. संकल्प पक्का. नाव ‘सालीखाली’. विषय: पुरुष म्हणजे काय, बाई म्हणजे काय, आणि मधे उरतं ते काय. आख्ख्या पालघर जिल्ह्यात याला कुणी हात घातला नसेल. पुण्याच्या सिनेमा शिबिरात दाखवलेले ते अगम्य परदेशी पिक्चर मला एकट्यालाच समजले होते. बाकीचे जेवणाची वाट बघत होते.

कथा: एक क्लार्क चिकूच्या वाडीत शिरतो. झाडाझाडाला आरसे टांगलेले. शेवटच्या झाडामागून तो हिरवी साडी नेसून बाहेर येतो आणि गावातून भर रस्त्याने चालत जातो. गाव हादरतं. डायलॉग नाही.

नयनाने, म्हणजे बायकोने, विचारलं, क्लार्कच का? म्हटलं, प्रतीक आहे. मीही क्लार्क आहे, हा योगायोग. तिला सर्रिअल म्हणजे काय ते समजावायला गेलो, तर म्हणाली, आधी दळण आणा.

१३ जानेवारी
टीम तयार. हिरो शैलेश, मोबाइल रिचार्जवाला. कॅमेरा मनीष. मनीष लग्नं शूट करतो. हात स्थिर, पण डोक्यात कायम लग्नच. साडीच्या सीनवर गुलाबाच्या पाकळ्या पाडू का, म्हणाला. नाही म्हटलं. निदान बदाम तरी, म्हणाला.

२० जानेवारी, घोलवड
सलूनवाल्याकडून आरसे आणून वाडीत टांगले. तोडणीच्या बायकांनी लगेच केस विंचरून घेतले. शॉट गेला. मग शैलेश अडून बसला, मिशी काढणार नाही. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, सासरचे काय म्हणतील? समाज हा असा. हिरो गेला.

२१ जानेवारी
निर्णय. भूमिका मी करणार. नाइलाज आहे. साडी नयनाची, हिरवी, जांभळ्या काठाची. तिला उद्या सांगतो.

२५ जानेवारी
सांगायला वेळ झाला नाही. सराव मात्र चालू. ती शाळेत शिकवायला गेली की दार लावून घेतो. आज निऱ्या पहिल्यांदा नीट बसल्या. आरशासमोर जरा जास्तच वेळ गेला. अँगल तपासत होतो. कॅमेरा मनीषकडे आहे, पण अँगल नुसत्या डोळ्यांनीही तपासता येतो.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
हाफ डे टाकून सराव. दुपारी भूकंप. नोव्हेंबरपासून धक्के चालूच आहेत, पण आजचा बाप होता. मांडणीवरची भांडी खाली. आख्खी बिल्डिंग अंगणात. शेजारी दार बडवत होते, श्यामकांत, बाहेर या, मराल! मी टेबलाखाली. शास्त्र तेच सांगतं. नयनाच्या शाळेत पोस्टर आहे. साडीचा इथे काहीएक संबंध नाही.

नयना शाळेतून धावत आली. तिच्याकडे किल्ली. वाकून बघितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा. पण ती माझ्या शेजारी खाली बसली. विचारलं, हे पिक्चरसाठीच ना? म्हटलं, हो. तिने परत विचारलं, खरं सांगा, मी ओरडणार नाही. म्हटलं, पिक्चरसाठीच गं, दुसरं काय असणार! ती बरं म्हणाली. टेबलाच्या खिळ्यात अडकलेला पदर हळूच सोडवला आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं की यांना ताप आहे.

उत्तर बरोबरच दिलं मी. शंभर टक्के बरोबर.

१० फेब्रुवारी
माझ्या खणात हिरवी साडी. घडी घातलेली, वर पिनांचं पाकीट. नयनानेच ठेवली असणार. मी परत तिच्या कपाटात ठेवली. उगाच गैरसमज नकोत. जेवताना दोघंही भाजीबद्दल बोललो.

३ मार्च
शूटिंग २० मार्चला, बुधवारी हाफ डे टाकून, वेवजीला. गुरुवारची सुट्टी, शुक्रवारी रजा, मग चौथा शनिवार आणि रविवार. आराम करायला चार दिवस जोडून. ऑफिसात कुणालाच जमलं नसतं असं प्लॅनिंग. शिवाय गुजरातची हद्द जवळ, म्हणजे हद्द हेही प्रतीक. लोक भडकणार, हे गृहीत. दगड आले तर मनीषच्या गाडीला हेल्मेट आहे. हेल्मेट एकच आहे, ते मी घालणार.

२० मार्च, वेवजी
मिशी काढली. साडी नेसलो. मनीषने खूण केली आणि चालू लागलो. वळणावर रस्त्यात दोरी आडवी, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पोस्त उकळायला. ढोल. आणि माझ्याआधीच तिथे तीन बाप्ये साड्या नेसून नाचतायत! शिमग्याची सोंगं. अरे देवा! मी कॅलेंडरात फक्त सुट्टी बघितली. सुट्टी कसली ते डोक्यातच आलं नाही.

गाव हादरलं नाही. हसलं. माझ्या हातात पोस्त म्हणून नाणी कोंबली. एकाने पाय धरून आशीर्वाद मागितला. एकजात सगळे खूश. दगड सोडा, कुणी नाक मुरडलं नाही.

झाडाखाली एक म्हातारी बसली होती, काळी नावाची, डोळ्यांनी अधू. तिने माझा हात धरला. म्हणाली, बाय, ऊन लागंल, बस सावलीत. कुणाची तू? मी बसलो. तिने माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला, पाठीवरून हात फिरवला. मी बोललो नाही, आवाजावरून कळलं असतं. छान वाटलं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: इतकं छान मला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तिची सून रूपी लांबून ओरडली, आये, बाप्या हाय तो, सोंग हाय! म्हातारी हसत सुटली. मीही हसलो. सगळ्यांत जोरात मीच. धुळीने डोळे चुरचुरत होते.

२५ मार्च
मनीषने व्हिडिओ सोडला. ‘शिमगा स्पेशल धमाल’. गुलाबाच्या पाकळ्यांसकट. ऑफिसात साहेब म्हणाले, सोंग एक नंबर, पुढच्या होळीला स्टाफसमोर करा. घरी नयनाने विचारलं, करणार का? म्हटलं, छे, मला कुठे आवडतं असलं! ती बरं म्हणाली. टेबलाखाली म्हणाली होती, अगदी तसंच.

३१ मार्च
बोहारीण आली होती. नयनाने हिरवी साडी हातात धरून मला विचारलं, आता लागणार नाही ना? दारात बोहारीण उभी. नयना माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. म्हटलं, नाही लागणार.

२ एप्रिल
साडीच्या बदल्यात स्टीलचा डबा आला. आज त्यातच पोळीभाजी नेली. झाकण घट्ट बसतं.

नवा संकल्प: चिकूवर माहितीपट. लागवड, तोडणी, पॅकिंग. माणसं दाखवायची नाहीत.